जामिनाची सुपारी

आमच्या ग्रामपंचायतीला बसस्टँडच्या मागची गटार अजून काढता आलेली नाही. नाकाला पदर लावल्याशिवाय तिथून जाता येत नाही. अशा ग्रामपंचायतीनं एके दिवशी देशद्रोहाचा कायदा वाढवायचा ठराव घेतला. हसू नका. मी त्या ग्रामसभेला हजर होते, आणि तो ठराव कायद्याच्या भाषेत लिहून द्या म्हणून मंडळी आधी माझ्याच दारात आली होती.

मी तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आमचं गाव तेलगावहून सिरसाळ्याकडं जाताना लागतं. नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढचा ठराव माझ्यावर होईल. गावात मला 'बाई' म्हणतात, कारण निम्म्या गावाला मी कधी ना कधी ओरडलेले आहे.

त्या दिवसांत सरहद्दीवर तणाव होता. टीव्हीवर दिवसभर सायरन वाजत होते. बातम्या देणारे असे घामाघूम होऊन ओरडत होते की जणू तोफा यांनीच डोक्यावर वाहून नेल्यात. तालुक्याला अंधाराची रंगीत तालीम झाली. आमच्या गावाला त्या तालमीची गरज नव्हती, ती लाईटवाले रोज घेतात. पण सगळ्या पोरासोरांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आपणही देशासाठी काहीतरी करावं असं वाटायला लागलं होतं. ते चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं, आणि नेमकं तेव्हाच आमच्या भावजींना कळलं.

हे भावजी म्हणजे माझे चुलत दीर. एकदा पंचायत समितीचे सभापती झाले होते. त्याला जमाना झाला, पण 'माजी' म्हटलेलं त्यांना खपत नाही. गावात सगळे 'सभापती' म्हणतात, घरातली सूनसुद्धा. जिल्हा परिषदेची निवडणूक येणार येणार म्हणत होते आणि भावजींना तिकीट पाहिजे होतं. शत्रू लांब सरहद्दीवर, तिकडं जायला गाडी नाही. मग जवळचा शोधायला लागले.

एका सकाळी ग्रामसेवकाला घेऊन दारात हजर. मी भाकरी थापत होते.

"वहिनी, एक ठराव लिहून पायजे. देशावर संकट हाय. गावोगावी जे परदेशी राहतेत, त्यांना आशा टायमाला देशद्रोहाचं कलम लावा, आशी शासनाला मागणी करायची."

"आपल्या गावात परदेशी कोण हाय, भावजी?"

"हाय की. तुमच्याच मागच्या खोल्यात."

मागच्या दोन खोल्यांत नेपाळी आणि त्याची बायको राहत होते. त्याला खरं नाव होतं, पण गावानं ते कधी विचारलं नाही. आला तेव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं होतं. भावजींचं तेव्हा कापसाचं जिनिंग जोरात चालायचं आणि त्यांना राखणीला माणूस हवा होता. गावातला ठेवला तर तोच सरकी पळवतो, असा त्यांचा अनुभव. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं याला आणला. पुढं जिनिंग बंद पडलं. नेपाळ्यानं फाट्यावर चायनीजची गाडी टाकली आणि बायको आणली. डोंगरातलं त्याचं घर दरड कोसळून गेलं, तेव्हापासून तिकडं परत जायला ठिकाणच उरलं नाही. जे होतं ते इथंच.

तो काही देवमाणूस नव्हता, बरं का. मंच्युरिअनमध्ये कोबी कमी आणि पीठ जास्त घालायचा. सोमवारी पिऊन यायचा आणि माझ्या दारातल्या तुळशीला माफी मागत बसायचा. भाडं मागितलं की तोंड असं करायचा की आपणच काहीतरी चुकलो. पण मराठी आमच्यापेक्षा ठसक्यात बोलायचा. भावजींचे नातू पुण्याहून आले की त्यांना 'कावून' म्हणजे 'का' हे हा समजावून सांगायचा.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात बाहेरचा माणूस राहायला आला की त्याला मारुतीच्या पारावर नेतात. नारळ फोडतात. आणि गावातलं एक घर पुढं होऊन त्याच्या हातावर सुपारी ठेवतं. ते घर त्याचं जामीन. बाहेरच्यानं काही वंगाळ केलं तर जाब जामिनाला, आणि गावानं बाहेरच्यावर अन्याय केला तर त्याच्या बाजूनं उभं राहायचं तेही जामिनानंच. माझे मालक सांगायचे, आपल्याकडं बायको सोडता येते, जामीनकी सोडता येत नाही. ही सुपारी खायची नसते, जपायची असते. नेपाळ्याच्या हातावर सुपारी ठेवली ती आमच्या भावजींनी. सगळ्या गावादेखत ठेवली, आणि वर प्रत्येकाला गूळ-खोबरं वाटलं.

हे सगळं डोक्यात ठेवून मी भावजींना म्हणाले, "बसा. चहा घ्या. आणि ऐका. देशाविरुद्ध युद्ध करणाऱ्याला शिक्षा देणारं कलम आधीपास्नं हाय. त्याची सुरुवातच 'जो कोणी' अशी हाय. त्या 'जो कोणी'त नेपाळी येतो, मी येते, तुमीबी येता."

शेवटचं त्यांना आवडलं नाही. "आमी कावून येऊ?"

"जो कोणी म्हणलं की सगळेच आले."

"ते न्हाई, वहिनी. त्यानं काही करायची वाट कशाला बघायची? संकट आलं की परदेशी माणसाला आधीच आत टाकायचा. त्याचं इमान तिकडंच आसणार."

माझी भाकरी तव्यावर करपत होती, तरी मी राज्यशास्त्र सोडलं नाही. चांगल्या माणसाला कुठं थांबावं ते कळतं, मला नाही कळत. मी सांगितलं, की परक्या माणसाकडून इमान मागायचा फार जुना नियम आहे आणि तो साऱ्या जगात चालतो. तो तुमचा नागरिक नसला तरी तुमच्या आसऱ्याला आहे तोवर त्यानं तुमच्याशी गद्दारी करायची नाही. पण ते आसऱ्याच्या बदल्यात असतं. आधी आसरा द्यायचा, मग इमान मागायचं. आसरा काढून घेतला की मागायचं तोंड राहत नाही.

भावजींनी यातलं बरोबर अर्धं उचललं. "म्हंजे इमान द्यावंच लागतंय ना? झालं तर मग. लिहा."

"मी न्हाई लिहिणार. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा कायदा होत न्हाई."

ग्रामसेवकानं लिहिलं. त्या बिचाऱ्याची बदली भावजींच्या हातात होती, किंवा आहे असं त्याला वाटायचं.

आमच्या ग्रामसभेला एरवी कुत्रं येत नाही. शिपाई घरोघर फिरून सह्या आणतो आणि सभा झाली असं समजायचं. त्या दिवशी मात्र पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. वैशाखाचं ऊन, डोक्यावर टॉवेल टाकून माणसं उभी. आदल्या संध्याकाळी नेपाळ्याच्या गाडीवर उभं राहून हक्का नूडल्स ओढणारे अर्ध्याहून जास्त. नेपाळी आणि त्याची बायको, दोघांनाही निरोप देऊन बोलावलं होतं. दोघं पिंपळाच्या कडेला उभी होती. त्यांना एवढंच सांगितलं होतं, की गावात राहायचं का जायचं, त्याचा आज निकाल.

भावजी बोलायला उठले. काय बोलले म्हणता! देश, माती, रक्त, शहीद, सगळं आलं. सरहद्दीवर आपल्या तालुक्यातली पोरं आहेत हे खरं होतं, त्यांच्या आया तिथं बसल्या होत्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला. मग भावजी वळले. "ज्याचं खावं मीठ, त्याचं करावं नीट! आपल्या गावाचं मीठ खाऊन उद्या कोन कुनाला खबर देईल, सांगता येत न्हाई!" फाट्यावरच्या गाडीवरून शत्रूला काय खबर द्यायची? गटार अजून उघडीच आहे म्हणून? पण टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की आमच्या भावजींचा तोल जातो, हा खानदानी रोग आहे.

ते माझ्याकडं बघून म्हणाले, "आन नुस्ता परदेशी न्हाई! त्याला आसरा देणाराबी तेवढाच गुन्हेगार! त्यालाबी तेच कलम! लिहा, ग्रामसेवक!"

हे माझ्यासाठी होतं, मागच्या खोल्यांसाठी. ग्रामसेवकानं लिहिलं. मी उठले.

"नीट लिहा हो, खाडाखोड नको. 'आसरा देणारालाही'. लिहिलं? आता एक विचारते. मी तर नुसती घरमालकीण. या गावात आसरा देतो तो जामीन. नेपाळ्याचा जामीन कोण हाय?"

भावजींच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. स्वतःच्या जिभेनं स्वतःला कलम लावून घेणारा सभापती मी पहिल्यांदाच पाहत होते. खोटं कशाला सांगू, मला लई मजा वाटली.

"जामीन तुमीच, भावजी," मी म्हणाले.

ते सावरले. राजकारणी माणूस, पडला तरी मांजरीसारखा पायावर. "वहिनी, त्या दिवशी तुमी पारावर होतात का?"

नव्हते. तेव्हा बायका पारावर बसत नव्हत्या. मला मालकांनी घरी येऊन सांगितलं होतं, आणि मालक आता नाहीत.

"मंग ही ऐकीव गोष्ट झाली," भावजी म्हणाले. "मी पगार दिला आसंल, सुपारी-बिपारी काय दिली न्हाई. कुनी बघितलंय का? आसंल तर सांगा ना. मारुतीसमोर सांगा."

आणि माझं गाव खाली बघायला लागलं. ज्यांनी त्या दिवशीचं गूळ-खोबरं खाल्लं होतं, ते चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते. नारळ ज्या तात्यांनी फोडला ते तात्या, गावातले सगळ्यात म्हातारे, पुढंच बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटले. "म्हातारपन हाय, बाई. याद न्हाई ऱ्हात." सकाळी याच तात्यांनी आजोबांच्या आजोबांच्या बैलाचं नाव सांगितलं होतं.

मला असा संताप आला! सरहद्दीवर जाऊन जीव देतो म्हणणारी ही माणसं, आणि पारावर एक खरं वाक्य बोलायला यांना धाप लागली. मी म्हणाले, "ठीक हाय. मंग आजपासून मी जामीन. आणा सुपारी."

तात्यांचे डोळे लगेच उघडले. रीतिरिवाज म्हटलं की त्यांची यादही येते. "तसं जमत न्हाई, बाई. पहिला जामीन पलटला, आसं त्या मानसानं सोता पाराव हात ठिवून म्हनाय पायजे. जामिनाचं नाव घ्याय पायजे. मंगच दुसरा."

म्हणजे सगळं आता नेपाळ्यावर आलं. त्यानं पारावर हात ठेवून नाव घेतलं असतं, तर तो माझ्या जामीनकीवर गावात राहिला असता. भावजी मात्र नव्या कलमात अडकले असते. ठरावात 'आसरा देणारा' आला होता, शाई वाळली होती, आणि विरोधी गटाचे दोघे मोबाइलवर शूटिंग करत होते. तिकीट गेलंच असतं. नाव घेतलं नाही, तर बोचकं बांधायचं. यात कोड्यासारखं काही नव्हतं, शेळ्या राखणाऱ्यालाही कळत होतं.

नेपाळी पाराजवळ आला. त्याची बायको मागून म्हणाली, "बोल. नाव घे." मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांनी ऐकलं.

त्यानं पारावर हात ठेवला. भावजींकडं बघितलं. भावजींनी गळ्यातल्या उपरण्याचं टोक धरलं होतं, ते सोडलं आणि पुन्हा धरलं. नेपाळी म्हणाला, "मलाबी याद न्हाई."

झालं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. मी हात वर करून विरोध नोंदवा म्हणत होते, तर लाऊडस्पीकरवर देशभक्तीचं गाणं लागलं.

घरी येईपर्यंत मी दम धरला आणि अंगणात येऊन त्याला धारेवर धरलं. "अरे, अक्कल हाय का तुला? एक नाव घ्यायचं होतं. एक! जीभ झडली होती का?"

तो ओट्यावर खाली मान घालून बसला. "बाई, त्यांच्या हातची सुपारी हाय माझ्याकडं."

"तो पलटला ना पण! आसरा काढून घेतला त्यानं!"

"त्यांनी काढला. मी कुठं काढला?"

"आणि उद्या कुठं जाशील?"

आतून त्याची बायको भांडी आपटत बोलली, "याला पारावर बसवा. शेंदूर लावा. मारुतीच्या बाजूला जागा हाय का बघा." ती रडत होती आणि पातेलं घासत होती, घासलेलंच पुन्हा घासत होती. तिचं बरोबर होतं. मला तर त्या दिवशी त्याचा भावजींपेक्षा जास्त राग आला. इमान असं नासक्या जागी सांडायचं असतं का? मी त्याला तसं म्हणालेसुद्धा.

ठराव तहसीलला गेला आणि तिथं त्याचं काय व्हायचं ते झालं असेल. कुणी उत्तर दिलं नाही. सरकारला ग्रामपंचायतीकडून कायदा शिकायची घाई नव्हती. पण गावात तो लागू झाला. फाट्यावरच्या गाडीकडं कुणी फिरकेना. चौकीतले जमादार येऊन कागदं बघून गेले. नेपाळच्या माणसाला इथं राहायला व्हिसा लागत नाही हे त्यांना मीच सांगितलं, तर म्हणाले, "बरोबर हाय, मॅडम, पण वातावरन खराब हाय." वातावरण कुणी खराब केलं ते त्यांनी विचारलं नाही. पुढं सरहद्द शांत झाली, टीव्हीवाले दुसऱ्या कशावर तरी ओरडायला लागले. तरी गाडीवर कुणी आलं नाही. आता शत्रू नव्हता, फक्त लाज होती, आणि लाज वाटली की आमचं गाव रस्ता बदलतं.

शेवटी त्यानं गाडी विकली. दूरच्या शहरात त्याच्या डोंगराकडचा कुणी होता, त्याच्याकडं जायचं ठरलं. निघायच्या सकाळी तो फाट्यावर सामान नेऊन ठेवत होता, तेव्हा त्याची बायको माझ्याकडं आली. तिनं लाल फडक्याची पुरचुंडी माझ्या हातात दिली. आत सुपारी होती. वाळून खडा झालेली, एका बाजूनं किड्यानं पोखरलेली.

"देव्हाऱ्यात होती," ती म्हणाली. "मी काढून आनली, त्याला म्हाईत न्हाई. ज्याची त्याला द्या. त्याचं इमान आसंल, माझं न्हाई."

मी तिला जवळ घेतलं. फाट्यावर बसचा हॉर्न वाजला, ती गेली.

मी तशीच भावजींच्या घरी गेले. ओट्यावर नेहमीची बैठक होती. तात्या होते, ग्रामसेवक होता, टाळ्या वाजवणारे पाच-सात जण होते. बशीत चहा ओतून फुर्र फुर्र पीत होते. तिकिटाचं जवळपास पक्कं झालं होतं.

"या, वहिनी," भावजी म्हणाले. "चहा टाका गं आनखी एक."

"चहा नको. हात पुढं करा."

त्यांनी केला. त्यांना वाटलं देवाचा प्रसाद आहे. मी फडकं सोडून सुपारी त्यांच्या तळहातावर ठेवली. भावजींनी ती ओळखली. माणूस कितीही खोटं बोलो, हाताला आठवतं. त्यांनी झटकन मूठ मिटली आणि माझ्याजवळ सरकून हळूच विचारलं, "वहिनी, त्यो जाताना कुनाला काही सांगून तर न्हाई गेला?"

"कुणाला सांगायचं, भावजी?" मी हळू बोलले नाही. "ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून म्हाईत हाय."

तात्यांनी बशी तोंडाला लावली आणि चहा पीत राहिले.